मला हिरकणी व्हायचं नाहीये

"अगं, एवढ्याशा बाळाला घेऊन किल्ल्यावर? त्याला काय कळतंय?"

तान्हं मूल घेऊन किल्ला, लेणी, वाडा असं कुठेही जायचं म्हटलं की हे वाक्य ठरलेलं आहे. आत्या म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात, ऑफिसात ज्याचं लग्नही झालेलं नाही तो पोरगा म्हणतो. गंमत म्हणजे सगळे अगदी काळजीच्या सुरात म्हणतात, त्यामुळे पटकन भांडताही येत नाही. म्हणून इथे सावकाश भांडते. शनिवार आहे, लेक झोपली आहे, साधारण दीड तास हातात आहे.

तर मंडळी, आधी मान्य करून टाकू. बाळाला काहीही कळत नाही. दहा महिन्यांच्या मुलीला शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आणि आमच्या सोसायटीचं फाटक यात फरक वाटत नाही. फाटकावर कुत्रा असतो, त्यामुळे फाटकच जास्त आवडतं. पण मग त्याच बाळाला नागपूरच्या लग्नाला नेताना हा प्रश्न कुणी का विचारत नाही? बारा-चौदा तास गाडीत कोंबायचं, रात्री बारापर्यंत हॉलमध्ये डीजेसमोर जागवायचं, पंचवीस अनोळखी लोकांनी गालगुच्चे घ्यायचे. तिथे बाळाला काय कळतंय? जावळ काढायला, कुलदैवताला न्यायला सगळे तयार. जेजुरीच्या पायऱ्या बाळाला कडेवर घेऊन चढणाऱ्या आईला कुणी अडवत नाही, उलट कौतुक होतं. तीच आई महिन्याभराने तशाच पायऱ्या केवळ किल्ला बघायचाय म्हणून चढायला लागली की लगेच बाळाची समज आठवते.

म्हणजे अडचण पायऱ्यांची नाही, उन्हाची नाही आणि बाळाच्या समजेची तर नाहीच. आई कर्तव्य म्हणून बाहेर पडली तर चालते, मजा म्हणून बाहेर पडली तर चालत नाही. अडचण एवढीच आहे.

हे एकदा नीट दिसलं की 'बाळाला काय कळतंय' या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. ही सहल बाळासाठी नाहीच आहे, माझ्यासाठी आहे. आधी दर पंधरा दिवसांनी डोंगरात जाणारी, लेण्यांसमोर तासभर बसून राहणारी जी बाई होती, ती प्रसूतिगृहातून घरी येताना कुठे गायब झाली नाही. २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली, फार चांगलं झालं. पण रजा मिळाली म्हणजे मोकळा श्वास मिळाला असं नाही. चार भिंती, दुपटी, दर दोन तासांनी पाजणं आणि फोनवर बाकीच्यांचे राजगडाचे फोटो. रजा संपली की ऑफिस, घर, पाळणाघर. "मोठं झाल्यावर जा की" म्हणणाऱ्यांनी जरा हिशोब मांडावा. पहिलं चालायला लागेपर्यंत दीड वर्ष, नीट चढायला लागेपर्यंत चार वर्षं, तोवर बहुतेकांच्या घरी दुसरं. सात-आठ वर्षं सहज जातात. एवढ्या वर्षांत मित्रमंडळी पांगतात, गुडघे बोलायला लागतात आणि मुख्य म्हणजे सवय मोडते. पंचविशीत गड चढणाऱ्या किती मैत्रिणी पस्तिशीत चढतात ते आपापल्या ग्रुपमध्ये मोजून बघा. मग त्यांच्या नवऱ्यांचं मोजा. दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. मला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

आता दुसरी फळी. ही जास्त कडक आहे. यांचं म्हणणं, गड म्हणजे सहलीची जागा नव्हे, ती शौर्याची, इतिहासाची जागा आहे. तिथे डायपर आणि दुधाच्या बाटल्या शोभत नाहीत.

इतिहासाचा विषय निघालाच आहे तर इतिहासच बघू या. शिवनेरीवर आपण सगळे कशासाठी जातो? १६३० साली तिथे एक बाळ जन्माला आलं म्हणून. जन्मस्थानाच्या इमारतीत आजही पाळणा ठेवलेला आहे आणि त्याच्यासमोर आपण हात जोडतो. पुरंदरावर १६५७ साली शंभूराजांचा जन्म झाला. राजगडावर १६७० साली राजाराम महाराजांचा. पुन्हा पुरंदरावरच १७७४ च्या एप्रिलमध्ये सवाई माधवराव जन्मले आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या वयात त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. चाळीस दिवस! आमच्याकडे एवढ्या वयाच्या बाळाला गॅलरीत न्यायचं तरी घरात बैठक बसते.

किल्ला म्हणजे फक्त तोफा आणि तलवारी हे चित्र पुस्तकांच्या मुखपृष्ठांनी आपल्या डोक्यात बसवलंय. प्रत्यक्षात ती नांदती घरं होती. तिथे बायका बाळंत होत होत्या, पोरं रांगत होती, रात्री रडत होती. शंभूराजांच्या जन्मानंतर सईबाई आजारी होत्या, दूध पुरेना, तेव्हा कापूरहोळच्या धाराऊंना दूधआई म्हणून आणलं. थोडक्यात, १६५७ साली पुरंदरावर तान्ह्या बाळाच्या दुधाची सोय करण्यात आली होती. त्याच किल्ल्यांवर आज मी बाळाला पाजायला आडोसा शोधला तर इतिहासाचा अपमान कसा काय होतो बुवा?

शनिवारवाड्याचंच घ्या. तिथे जाणाऱ्या दहापैकी नऊ जण काय सांगतात? नारायणराव, 'काका मला वाचवा' आणि अमावस्येच्या रात्रीचं भूत. १७७३ चा तो खून खराच, प्रश्नच नाही. पण त्याच वाड्यात हजारी कारंजं आहे. सोळा पाकळ्यांचं कमळ आणि प्रत्येक पाकळीला सोळा धारा. १६ गुणिले १६ म्हणजे २५६ हे आमच्या धंद्यातल्या माणसाला तोंडपाठ असतं, तरी तिथे उभं राहून कुणी गुणाकार केलेला मी पाहिला नाही. तर हे कारंजं त्या खून झालेल्या नारायणरावांच्याच मुलाच्या, छोट्या सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी केलं असं सांगतात. बापाचा जिथे खून झाला तिथेच मुलाला हसवायला कारंजं. मला तरी भुतापेक्षा हे ऐकून जास्त गलबलतं. आणि ही गोष्ट कुणाबरोबर बघायची? मांडीवर पाण्याकडे बोट दाखवणारं एक बाळ असलं तर ती जास्त कळेल की कमी?

अजिंठ्याची तीच कथा. क्रमांक २ च्या लेण्यात हारितीचं देवघर आहे. हारिती म्हणजे लेकरांची राखण करणारी देवता, शेजारी पांचिक. त्यांच्या खालच्या पट्टीत चक्क शाळा भरली आहे. गुरुजींच्या हातात छडी, पुढची पोरं अभ्यासात आणि मागची आपल्या खेळात दंग. शेवटच्या बाकाची परंपरा किती जुनी आहे बघा :) आणि १७ क्रमांकाच्या लेण्यात ते जगप्रसिद्ध चित्र, भव्य बुद्धासमोर उभी यशोधरा आणि तिच्यापुढे छोटा राहुल. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कलाकारांना लेण्यात मूल असणं खटकलं नाही. खटकतं ते आपल्याला, गळ्यात कॅमेरा अडकवून आलेल्यांना.

"पण मूल रडलं की बाकीच्यांना त्रास होतो." होतो. लेण्याच्या आत रडायला लागलं तर दोन मिनिटांत बाहेर यायचं, एवढी साधी समज आईबापांना असते आणि नसेल तर असायला हवी. पण किल्ल्यावर खिशात ब्लूटूथ स्पीकर वाजवत फिरणारा, भिंतीवर बदाम कोरून त्यात नाव लिहिणारा आणि पाण्याच्या टाक्यात बाटली फेकणारा, यांतल्या कुणाचंही वय दोन वर्षांपेक्षा कमी नसतं. गडाचं पावित्र्य ज्यांच्यामुळे जातं त्यांना मिशा असतात. लंगोटवाल्यांवर खापर फोडू नका.

तिसरी फळी सगळ्यात अवघड, कारण ती आपलीच आहे. मित्र.

मित्रांबरोबर जायचं म्हटलं की एक एक्सेल शीट येते. दोन दिवसांत तीन किल्ले, एक मंदिर, एक धबधबा आणि वाटेत अमक्याची मिसळ. सकाळी साडेपाचला निघायचं, पावणेदहाला पायथा, साडेबाराला माथा. आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे वेळापत्रक कसं करायचं ते शिकवायला नको. पण प्रोजेक्टमध्ये एक गोष्ट जी शेंबडं पोरही सांगेल ती सहलीला निघताना सगळे विसरतात. सगळ्यात हळू असणाऱ्या घटकाच्या वेगानेच अख्खी यंत्रणा चालते. बाळ हा तो घटक आहे. त्याला दर दोन-अडीच तासांनी दूध लागतं, दुपारी झोप लागते आणि तो कुठलीही डेडलाईन मानत नाही. मग वेळापत्रक कोलमडतं. आणि कोलमडलं की सर्वानुमते एक तोडगा निघतो. ते वाक्य तुम्हीही ऐकलं असेल.

"तुम्ही दोघी इथेच बसा निवांत, आम्ही पटकन वर जाऊन येतो."

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार जोडपी, दोन तान्ही बाळं आणि एक अडीच वर्षांचं वादळ असे एका डोंगरी किल्ल्यावर गेलो होतो. नाव मुद्दाम लिहीत नाही. पायथ्याला हे वाक्य पडलं आणि मी नि एक मैत्रीण सरबताच्या टपरीवर 'निवांत' बसलो. पटकन म्हणजे सव्वातीन तास. त्यातले अडीच तास माझी लेक माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. जी मांडीवर झोपते ती पाठीवरच्या झोळीतही झोपते, हे सांगायला बालरोगतज्ज्ञ लागत नाही. वरून मंडळी उतरली ती घामाघूम आणि खूष. "काय व्ह्यू होता! तू यायला हवं होतंस!" त्या रात्री मुक्कामी जेवताना मी विषय काढला आणि चांगलाच काढला. दोन-तीन जण गोरेमोरे झाले, एकाने "अगं पण तुझ्याच सोयीसाठी" असं म्हणून बघितलं. माझी सोय मला न विचारता झाली की ती माझी नसते, तुमची असते. दुसऱ्या दिवशी नियम बदलला. कुणी तरी खाली थांबायचंच असेल तर पाळीपाळीने थांबायचं आणि पहिली पाळी बाबांची. काय सांगू, त्या दिवशी तिन्ही बाबांना अचानक शोध लागला की मुलांना वर घेऊन जाणं तसं काही अवघड नाही. अर्ध्या तासात दोन झोळ्या बांधून तयार, आणि अडीच वर्षांचं वादळ बापाच्या खांद्यावर.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं आहे. बाळाला घेऊन जायचं, सगळ्यांनी मिळून जायचं आणि बाळाच्या वेगाने जायचं. तिन्हीपैकी एक जरी गाळलं तरी त्या सहलीचा भार कुणा एकीच्या डोक्यावर पडतो, आणि ती एकी कोण असते ते आपल्याला माहीत आहे.

हळू गेल्याने काही बुडत नाही. उलट यादी पुरी करायची घाई असते तेव्हा आपण किल्ला बघतच नाही, त्यावर टिकमार्क करतो. दिवसाला एकच जागा ठेवा. सकाळी लवकर पोचा, ऊन तापायच्या आत वरचं बघून घ्या, दुपारी सावलीत पथारी. बाबागाडी घरी ठेवा. आपल्या किल्ल्यांवर पायऱ्या आणि दगडगोटेच आहेत, तिथे ती ढकलण्यापेक्षा उचलावीच लागते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ फक्त आईच्या दुधावर असेल तर खरं म्हणजे सगळ्यात सोपं, त्याचा डबा भरायचा नसतो. पुढचं असेल तर खिमट किंवा नाचणीचं सत्त्व, उकळून गार केलेलं पाणी, टोपडं, दोन जास्तीचे कपडे. आणि वापरलेला डायपर पिशवीत गुंडाळून परत घरी. झुडपात नाही, टाक्यात नाही, दगडाखाली तर नाहीच. हे ज्यांना जमत नाही त्यांनी खुशाल घरी बसावं, त्यांची बाजू मी घेणार नाही.

जागाही निवडता येतात. पन्हाळ्यावर गाडी थेट वर जाते, अंबरखान्याच्या जाड भिंतींच्या आत बाळ शांत झोपतं आणि तुम्ही सिद्दी जौहरच्या वेढ्याबद्दल पोटभर वाद घालू शकता. सिंहगडावर गाडीरस्ता आहे. रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे. सिंधुदुर्गाला मालवणहून होडीने जाता येतं, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या त्या किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. त्यांची नावं दूध, दही आणि साखर. बाळांना घेऊन जायला यापेक्षा वेगळं निमंत्रण काय हवं? शिवनेरीला पायऱ्या आहेत, पण सात दरवाजे लागतात, म्हणजे दम खायला सात हक्काच्या जागा.

आणि मर्यादाही आहेत, त्या नाकारण्यात काही शौर्य नाही. हरिहरच्या खड्या पायऱ्या, अलंग-मदन-कुलंगचे कातळटप्पे ही बाळ पाठीवर घेऊन जायची ठिकाणं नाहीत. दौलताबादच्या अंधाऱ्या भुयारी वाटेत वटवाघळांच्या वासात लेकराला कशाला न्यायचं, तिथे पाळी लावा. ऐन पावसाळ्यात तर नाहीच नाही. जुलै २०२४ मध्ये रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे वाहत होते आणि पर्यटक अडकून पडले होते. ती दृश्यं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आपल्यासाठी मोकळा आहे, तेवढा पुरे. पण 'काही ठिकाणी, काही वेळा जाऊ नये' यावरून 'कुठेच, कधीच जाऊ नये' असा निष्कर्ष काढणं म्हणजे एक बग सापडला म्हणून अख्खं सॉफ्टवेअर डिलीट करणं आहे.

आता जरा सरकारी खिडकीकडे वळते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तिकीट असलेल्या स्मारकांवर १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. उत्तम. म्हणजे मुलांनी यावं असं कागदावर तरी धोरण आहे. मग आत गेल्यावर त्या मुलांचं काय करायचं याचा विचार कुणी करायचा? एका प्रसिद्ध वास्तूच्या तिकीट खिडकीवर मी विचारलं, "बाळाला पाजायला कुठे जागा आहे का?" आतल्या गृहस्थांनी क्षणभर विचार केला, उठले, स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची उचलून खोलीच्या मागच्या सावलीत नेऊन ठेवली आणि मी उठेपर्यंत पाठ करून उभे राहिले. माणूस देवासारखा. पण व्यवस्था शून्य. एखाद्या माणसाच्या चांगुलपणावर चालते ती व्यवस्था नसतेच, तो नशिबाचा भाग असतो. त्यांची त्या दिवशी सुट्टी असती तर?

जमत नाही असंही नाही. २०१९ साली ताजमहालाच्या आवारात स्तनपानाची खोली सुरू झाली. ताजमहालच्या सौंदर्याला तडा गेल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे तर त्याहून मोठं कारण आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतली जिंजी. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी. ढोल वाजले, फ्लेक्स लागले, आम्हीही पेढे खाल्ले. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वारसा म्हणजे काय? जे वारसाला मिळतं ते. आणि वारस कुणाच्या तरी कडेवर असतो. त्या कडेवरच्या वारसाला आणि त्याच्या आईला पायथ्याशी एक स्वच्छ संडास, पिण्याचं पाणी, बसायला सावली आणि दार लागणारी एक छोटी खोली, एवढं मिळालं पाहिजे. मूळ बांधकामाला हात लावायची गरज नाही, हे सगळं वाहनतळाशेजारी, तिकीट खिडकीजवळ होऊ शकतं. मागणी अवाच्या सवा आहे का?

आणि इथेच मला हिरकणीकडे यायचं आहे.

रायगडावर दूध विकायला आलेली गवळण, दिवेलागणीला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. ही दंतकथा माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. बुरुजाला तिचं नाव आहे. एसटीच्या गाडीला आहे. एसटी स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत आईने बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते तिलाही 'हिरकणी कक्ष' म्हणतात, आणि ते नाव ज्याला कुणाला सुचलं त्याला माझा नमस्कार. २०१९ साली सिनेमाही येऊन गेला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझ्याही अंगावर काटा यायचा.

आता येतो तो वेगळ्या कारणाने. आता मला त्या गोष्टीतला दरवाजा दिसतो. बाई सांगतेय की घरी तान्हं मूल आहे, आणि पहारेकरी सांगतोय की नियम म्हणजे नियम. त्या बाईला जीव धोक्यात घालून कडा उतरावा लागला, कारण नियम करताना तान्ह्या बाळाची आई कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. आमच्या भाषेत याला रिक्वायरमेंट राहून जाणं म्हणतात. कथेतल्या महाराजांनी निदान तिचा सन्मान केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला. आपण काय केलं? आपण फक्त कड्याचं कौतुक शिकलो. आई म्हणजे कडा उतरणारी. आई म्हणजे उन्हात टपरीवर सव्वातीन तास बसणारी आणि वर "मजा आली" म्हणणारी. आई म्हणजे सात-आठ वर्षं कुठे न जाणारी. जेवढा त्रास जास्त तेवढी आई थोर. मातृदिनाला या थोरवीचे फॉरवर्ड येतात, तेही बहुतेक वेळा अशा मित्रांकडून जे पायथ्याला "तुम्ही इथेच बसा" म्हणतात.

मला ही थोरवी नकोय. एका बाईने एकदा कडा उतरून दाखवला, ते तिचं धाडस होतं आणि त्याला मुजरा. पण साडेतीनशे वर्षांनीही प्रत्येक आईने आपापला कडा शोधत बसावं अशी अपेक्षा असेल तर त्या गोष्टीतून आपण काहीच शिकलो नाही. मला दरवाजा हवाय. तिकीट खिडकीशेजारी खोलीचा, मित्रांच्या वेळापत्रकात दोन मोकळ्या तासांचा आणि घरच्यांच्या तोंडून "जाऊन ये, सावकाश या" एवढ्या चार शब्दांचा.

तेव्हा या थंडीत ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांनी एखादा सोपा किल्ला ठरवा. झोळी बाबांच्या गळ्यात अडकवा. ग्रुपवर आधीच सांगून टाका की एकच जागा बघायची आहे, आणि ज्यांना तीन बघायच्या आहेत त्यांनी वेगळी गाडी करावी. तिकीट खिडकीवर पाजायच्या खोलीबद्दल विचारा. नाही म्हणाले तर अभिप्रायाची वही मागा आणि त्यात लिहा. दर शनिवार-रविवार दहा जणींनी लिहिलं की अकराव्या आठवड्याला कुणीतरी वाचतं, हा माझा बग ट्रॅकरचा अनुभव आहे.

आणि कुणी विचारलंच की बाळाला काय कळतंय, तर सांगा, बाळाला काही कळत नाही, पण मला कळतं.